परक्याच्या हाकेला ओ

३ ऑक्टोबर १९२१, वूहू नदीबंदर

आलो बाबा एकदाचा! ‘च्यांगशुन’ गनबोट दिसायला झकास आहे. जपानात बांधलेली, सम्राटाच्या काळातली. तेव्हा तिच्यावर ड्रॅगनचा झेंडा असायचा, आता प्रजासत्ताकाचा पाचरंगी. तो चढवायचं-उतरवायचं काम माझं. बाकी सगळे दक्षिणेतल्या फूचौचे, त्यांची बोली मला ओ की ठो कळत नाही. मी उत्तरेतल्या शानतुंगचा, भाताला नाक मुरडणारा, म्हणून मला ‘गहूखाऊ’ म्हणतात. म्हणू देत. बस्तान बसलं की रुईफेनला, माझ्या बायकोला, इकडेच आणीन.

११ ऑक्टोबर

लू बाओथिएन हे माझं नाव इथे कुणी घेतच नाही. धड बोलतात ते एकटे स्वयंपाकी पानकाका.

दिवेलागणीला एक म्हातारी काठावर सदरा हलवत हाका मारते, “युनशंग, घरी ये रे!” काका म्हणाले, युनशंग तिचा मुलगा, बोटीवर माझ्याच जागेवर होता. दहा वर्षांपूर्वी, क्रांतीच्या वर्षी, बोट बंडवाल्यांना मिळाली, तेव्हा ड्रॅगनचा झेंडा उतरवायला तो डोलकाठीवर चढला आणि नदीत पडला. सापडलाच नाही. ज्याचा आत्मा भटकला त्याचा सदरा हलवून अशी हाक मारतात; तिला घरच्या कुणीतरी ‘आलो’ म्हणावं लागतं, तेव्हा आत्मा परततो. म्हातारीला घरचं कुणी उरलेलं नाही.

१९ ऑक्टोबर

आज राहवलं नाही. धाकटी बहीण दचकून आजारी पडली की आई अशीच हाक मारायची आणि तिच्या वतीने मीच ‘आलो’ म्हणायचो. त्यात काय एवढं? आणि खरं सांगू, इतक्या मायेने कुणी कुणाला हाक मारलेली कित्येक दिवसांत ऐकली नव्हती. कठड्यावरून ओरडलो, “आलो गं आई!” म्हातारी सदरा छातीशी धरून मटकन खाली बसली. मला फार बरं वाटलं.

काकांना सांगितलं तर त्यांच्या हातातला झारा पडला. म्हणाले, “अरे गाढवा, बहिणीची गोष्ट वेगळी. परक्याने ओ दिली तर तोच युनशंग होतो. आणि सुटलेला आत्मा तुझी जागा घेतो.”

२२ ऑक्टोबर

हजेरीला कप्तानांनी माझ्याकडे बघत युनशंगचं नाव पुकारलं. मी ‘हजर’ म्हणालो. आपसूक.

फूचौची बोली कळतेय, सगळी. सगळे पाठीवर थाप मारतात, जेवायला शेजारी बसवतात. हेच तर हवं होतं मला. पण या नावाने नको होतं.

म्हातारी आता हाक मारत नाही. काठावर नुसती बसून असते, बोटीकडे बघत.

२४ ऑक्टोबर

अंगावरचा सदरा सुकतच नाही. आज डोलकाठीवर पाय सटकला — पुन्हा.

बायकोचा चेहरा आठवेना. नाव मागच्या पानावर वाचलं.

२५ ऑक्टोबर

काकांच्या पाया पडलो. ते मला ओळखतात अजून — कसेबसे. उद्या माझ्या नावाने हाक मारतील. मी ‘आलो’ म्हणायचं. तेवढं जमलं तर सुटलो.

२६ ऑक्टोबर

काकांनी माझा सदरा हलवला. “बाओथिएन, परत ये!” मी तोंड उघडलं —

ओ खालून आली. पाण्यातून. माझ्या शानतुंगी बोलीत.

नांगराच्या साखळीवरून चढतोय तो — काका त्याला माझा सदरा घालतायत, कुठे उलथला होतास रे गहूखाऊ म्हणून सगळे हसतायत — मी ओरडतोय, कुणी वळूनसुद्धा —

खाली होडी लागलीय. म्हातारीने हात पुढे केलाय — किती ऊबदार —

मी तुझा युनशंग नाही गं आई, मी —