तळातला खुळखुळा

१२ ऑगस्ट

तू मला फसवलंस. आशीर्वादाच्या आधी हे लिहिते, नाहीतर आशीर्वाद लिहिता लिहिता राग निवायचा.

चि. खारूताईस आजीचे आशीर्वाद. तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण तुझ्यासारखं खोटं बोलत नाहीत.

शेजारच्या शिवणवालीने फोनवर तुझं भाषण दाखवलं. पृथ्वीवर आता माणसाचं युग सुरू झालंय म्हणालीस, आणि पुरावा काय, तर आमच्या परसातला खड्डा. वर पिशव्या, त्याखाली बॅटरीचे सेल, बाटल्यांची बुचं, कोंबडीची हाडं. खरं आहे, आम्हीच टाकलं. वरच्या थरातले डायपर तुझे आहेत, तेवढं सांगायला विसरलीस. लोक हसले. माझा कचरा बघायला एवढी माणसं जमणार हे ठाऊक असतं तर जरा निवडून टाकला असता.

मग तू तो लाल प्लॅस्टिकचा खुळखुळा दाखवलास. “चार दिवस खेळायचं आणि फेकून द्यायचं, ही आपली जात,” म्हणालीस. आता काचेच्या पेटीत ठेवलाय म्हणे.

खणताना तो निघाला तेव्हा मी काय म्हणाले होते? “एवढा सोडून काय हवं ते ने.” तू म्हणालीस, “बरं आजी, होता तिथेच ठेवते.” माझ्यादेखत माती लोटलीस, पायाने थापटलीस. वर माझ्या हातचा चहा प्यायलीस. आणि खुळखुळा तुझ्या पिशवीत.

कोणाचा, ते तू विचारलं नाहीस. मीही बोलले नाही.

तो फेकलेला नव्हता. तुझ्या बापाच्या आधी मला एक मुलगी झाली होती. दात यायच्या आधीच गेली. कपडे वाटून टाकले, पाळणा ज्याचा त्याला परत केला. खुळखुळा डोळ्यांसमोर नको झाला आणि कोणाला द्यायला हात होईना. तुझ्या आजोबांनी तो परसात खोल पुरला. तिथे कोणी खणू नये म्हणून मी वर कचरा टाकत गेले. कचऱ्यासाठीच खणणारी आमच्याच घरात जन्मेल हे कुठे माहीत होतं.

हजारो वर्षं हा कुजणार नाही, असंही तू म्हणालीस. सगळे हळहळले. मला तेवढंच बरं वाटलं.

पोस्टाने पाठवू नकोस. घेऊन ये.

अजून तरी तुझीच,
आजी

ता. क. आपल्याला बहीण होती हे तुझ्या बापाला माहीत नाही. तेव्हा त्याला मध्ये घालायचं नाही, तुझ्या साहेबांनाही नाही. उत्तर तू द्यायचं.