खांदा सोडून बाकी ठणठणीत

४ मार्च, सकाळ
रेडिओने सांगितलं, चार वर्षांच्या युद्धात आपली हानी नगण्य. लगेच पुढची बातमी: भरतीची वयोमर्यादा आता पंचेचाळीस. नगण्य हानी भरून काढायला एवढी माणसं कशाला लागतात, असं हिने विचारलं. हिला राजकारण कळत नाही. मी एक्केचाळीसचा. देशाने हाक मारावी, मी एका पायावर तयार आहे.

७ मार्च
मेव्हणा हाडांचा डॉक्टर. त्याने आपणहून सर्टिफिकेट दिलं. मी फक्त तीनदा फोन केला होता. डावा खांदा जखडलेला, हात छातीच्या वर जात नाही, बाकी ठणठणीत. अगदीच खोटं म्हणता येणार नाही. मागे स्वयंपाकघरातला बल्ब बदलताना कळ आली होती. ही म्हणाली, बल्ब मी बदलला होता.

९ मार्च
भरती ऑफिस. अधिकाऱ्याने हात वर करायला सांगितलं. मी उजवा धरून विव्हळलो. मग आठवण झाली, डावा धरला. अधिकारी कंटाळलेला होता, शिक्का मारून मोकळा झाला. गल्लीतून एक माणूस द्यायचाच असल्यामुळे आता पुढच्या नंबरचा जाणार. पुढचा नंबर वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलाचा. गिटारवाला. तीन वर्षं एकच गाणं चुकीचं वाजवतोय. सैन्यात जरा शिस्त लागेल.

१५ मार्च
गिटारवाला निघाला. जिन्यात भेटला. दादा, आईकडे लक्ष ठेवा आणि खांद्याला जपा, म्हणाला. प्रसंग म्हणून मी डोळ्यांत पाणी आणलं. मग ते थांबेचना.

१६ मार्च
ठरलं! सोमवारी भरती ऑफिसात जाऊन सर्टिफिकेट मागे घ्यायचं. माणसाने निदान स्वतःशी तरी खरं असावं.

१८ मार्च, सोमवार
ऑफिस बंद झाल्यावर पोचलो. एवढं मोठं युद्ध चाललंय आणि हे लोक वेळेवर घरी जातात! असं असल्यावर कसं जिंकणार?

२ एप्रिल
आमच्या फर्निचरच्या दुकानात हमाल उरले नाहीत, सगळे आघाडीवर. कपाटं आता कॅशियरबाई आणि मालकांची बहीण उचलतात. मी मार्गदर्शन करतो. जरा डावीकडे, जरा वर, भिंत सांभाळा. कॅशियरबाईंनी विचारलं, तोंडाचं सर्टिफिकेट नाही का मिळालं? स्वर काही बरा नव्हता.

२० एप्रिल
काकूंना आधार द्यायचं मनावर घेतलंय. त्यांच्याबरोबर बाजारात गेलो. पिशव्या त्यांनीच उचलल्या, माझीसुद्धा. खांद्याला जप बाबा, म्हणाल्या. वर गिटार नाही. शांतता हवी होती, मिळाली. जेवण जात नाही.

११ मे
गिटारवाला गेला. फोन आला तेव्हा मी काकूंकडेच चहा घेत होतो. त्या म्हणाल्या, राँग नंबर असेल. मीही म्हणालो, राँग नंबरच असेल. नंबर खरंच चुकीचा होता. माझा होता तो. छे, असं म्हणून कसं चालेल, मी का युद्ध सुरू केलं? पण माझाच होता.

१३ मे
उद्या त्याला आणणार. काकूंचा हट्ट आहे, एकदा घरात आणायचाच. लिफ्ट बंद, मेकॅनिक आघाडीवर. म्हणजे पेटी जिन्याने न्यायची. बिल्डिंगमध्ये पुरुष दोन: काठी टेकत चालणारे पहिल्या मजल्यावरचे आजोबा आणि मी. पहिला खांदा माझा! कोणी पाहिलं तर सूट जाईल. जाऊ दे, सर्टिफिकेट गेलं खड्ड्यात. आरशासमोर दोन्ही हात वर करून पाहिले. जातात. हिने ते पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी माझ्याशी नीट बोलली.

१४ मे, दुपार
पेटीबरोबर भरती ऑफिसचा तोच अधिकारी आला. मी पुढे झालो होतो, देवाशपथ झालो होतो, पेटीला हात लागायचाच काय तो बाकी होता. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. ओळखलंही नसेल. माझा डावा हात आपोआप पोटाशी आला. मग पुढून काकू आणि ही, मागून गाडीचा म्हातारा ड्रायव्हर आणि शेजारची नर्स. मी भिंतीला चिकटून त्यांना वाट दिली.

१४ मे, संध्याकाळ
काकू खाली आल्या. वाटलं, आता बोलणार. बोलू देत, एकदाचा सुटेन. त्या म्हणाल्या, खांदा देता आला नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. तो प्रत्येक फोनवर विचारायचा, खालच्या दादांचा खांदा कसा आहे? त्याच्यासाठी आणलेलं मलम पाठवायचं राहून गेलं होतं, ते घेऊन आल्या होत्या. मला शर्ट काढून बसायला लावलं. ही उठून आत गेली. काकूंच्या मानेजवळ पेटीच्या कडेचा लालभडक वळ उठला होता. हलक्या हाताने चोळत त्या विचारत होत्या, इथे दुखतं का रे?

हो म्हणालो.