दोनी अंगाला पाय टाकून

मंगळवार, सांजच्याला

न्हाई रं बाबा, भ्याले न्हाई! घरी येईस्तोवर संतोषला हेच सांगत व्हते.

पोरानं मोटरसायकल घेतली नवी, पन दिसायला जुनी. गोल दिवा, पोटुशा बाईवानी टाकी, रंगबी बापाच्या गाडीचाच. मुद्दाम तसली शोधली म्हनं, आईला दादा आठवावेत म्हनून; बापाला त्यो दादाच म्हनायचा. मी म्हनलं, "जुनाटच पायजे व्हतं तर मी हाय की घरात!"

शेजारची सरू म्हनली, "वैनी, ही लई पळत न्हाई म्हनं." न पळंना का बाई. मालकाच्या मागं मी कायम एका अंगाला बसायचे, मांडीवर पिशवी. सगळा जलम रस्त्याची एकच बाजू दिसली. आज पोराच्या मागं बसून गेवराईला निघाले, उमापूर मागं पडलं तसं म्हनलं, "थांब रं." आन गड्यावानी दोनीकडं पाय टाकून बसले. नऊवारीत काय अवघड? कापूस येचणाऱ्या बाया बघतच राहिल्या. मी हात केला त्यास्नी.

गाडी डुगडुग चालली. दोनी अंगाला पांढरा कापूस, आन समोर रस्ता. रस्ता समोरून असा दिसतो व्हय? इतका लांब? मला कुनी सांगितलंच न्हाई. गेवराई येईपतूर डोळे भरले.

संतोषनं आरशात बघितलं. "आई, दादा आठवले ना?"

"व्हय रं," म्हनले. केवढा खुलला पोरगा.

खोटं बोलले. सगळ्या वाटंत मालक मला एकदाबी आठवले न्हाईत.