पाच बियांची माती

२ एप्रिल, सोमवार

बिया आल्या. पाच.

माझ्या मैत्रिणीने, व्हेराने, कोटाच्या अस्तरात शिवून आणल्या — जर्मनीहून थेट आमच्या काराकोल शहरापर्यंत! माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने टाके उसवले आणि बिया चहाच्या बशीत ठेवल्या. मिऱ्याएवढ्या, राखी, अंगावर बारीक पट्टे. मी लगेच वर वाटी पालथी घातली. जणू उडून जाणार होत्या.

गांजा. लिहिलं एकदाचं. यापुढे हा शब्द इथे लिहिणार नाही. ‘रोपं’ म्हणेन.

माझ्या नवऱ्याच्या, सागिनच्या, मणक्यातलं दुखणं आता गोळ्यांना जुमानत नाही. गोळी घेतली की ओकतो, ओकला की कळ येते, कळ आली की परत गोळी. हिवाळ्यापासून त्याच्या पट्ट्याला मी चार नवी भोकं पाडली. व्हेराच्या नवऱ्याला शेवटच्या वर्षी या रोपांच्या तेलाने बरं वाटायचं, दोन घास पोटात राहायचे. सागिनला वाटेल का? तिला माहीत नाही. मलाही नाही. पण नुसतं बघत बसणं आता होत नाही.

आमच्या रस्त्याकडेच्या चरात हेच तण रानटी उगवतं. ते नुसतं डोकं दुखवतं, आणि तोडायला वाकलं की कुणीतरी बघतंच. व्हेरा म्हणते या बियांचं आजोळ तेच — आमचं तण परदेशी गेलं, तिकडे सोयरीक झाली, आणि ही जात निघाली. दिवस लहान व्हायची वाट बघत नाही, वय झालं की फुलते. झाड मांडीएवढं. बादलीत, काचबंद बाल्कनीत मावतं. अडीच महिन्यांत सगळं आटोपतं.

अडीच महिने घाबरायचं. जमेल.

३ एप्रिल

नाही जमणार. दार वाजलं आणि हातातली किटली सुटली. खालच्या मजल्यावरची बात्मा होती — मीठ मागायला.

५ एप्रिल

मीस्कालला काही कळता कामा नये. पोटची पोर, एकाच घरात राहते, आणि मला तिचीच सगळ्यात जास्त भीती! ती कोर्टात टंकलेखनिक आहे. न्यायाधीश बोलतो, ती निकाल टाइप करते. बारा वर्षं हेच. घरी येते, चहा पिते, बापाची चादर बदलते, खोलीचं दार लावते. आमच्यात बोलणं असतं ते पाव आणला का, बिल भरलं का, एवढंच. तिचा संसार मोडला तेव्हा मी तिची बाजू घेतली नाही. ते ती बोलून दाखवत नाही.

८ एप्रिल, रविवार

माती आणली. वाटेत मेलेच होते.

बाजारातली पिशवीबंद माती चालणार नाही. त्यात खत मारून टाकलेलं असतं, कोवळं रोप जळतं. आणि या जातीला लहान कुंडीतून मोठ्या कुंडीत हलवताही येत नाही. हलवलं की दहा दिवस रुसते — आणि दहा दिवस रुसायला हिच्याकडे आयुष्य कुठे आहे? म्हणजे बी पहिल्या दिवशीच शेवटच्या बादलीत जाणार. माती पहिल्याच झटक्यात बरोबर हवी. मृदा-प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली, पण असा पेपर कधी आला नव्हता.

म्हणून गावाला चुलतभावाच्या बागेत गेले. जुन्या सफरचंदाखालची माती आणि तीन वर्षं कुजलेलं मेंढीचं खत. भावाला सांगितलं, टोमॅटोसाठी. परतताना नाक्यावर मिनीबस थांबवली. कोवळा पोलीस, मिसरूडसुद्धा नीट फुटलेली नाही. पोत्यात कोपरापर्यंत हात घातला.

“आजी, हे काय?”

“माती.”

“माती काय शहरात मिळत नाही?”

मग मी सुटलेच. आमच्या सरोवराकाठच्या मातीत चुना कसा जास्त, त्याने पानं पिवळी का पडतात, झाडाखालच्या मातीत तो कमी का. सगळं खरं सांगत होते, तरी थांबता येत नव्हतं. मागून ड्रायव्हर म्हणाला, साहेब, यांना सोडा नाहीतर आम्हाला इथेच परीक्षेला बसवतील. सगळे हसले. पोलीस हात झटकत उतरला.

बिया तेव्हा घरी, डाळीच्या डब्यात होत्या. पोत्यात खरंच मातीच होती. मग एवढी भीती कसली?

१० एप्रिल

मूठभर मातीवर व्हिनेगर ओतला. फसफसली. झाडाखालची असूनही चुना आहेच. उतारा — देवदाराखालचा कुजलेला पाला. तो आंबट असतो. उद्या टेकडीवर जाईन.

दुपारी माती ओव्हनमध्ये भाजली. नाहीतर बारीक माश्या होतात आणि कोवळी मुळं खातात. वास जिन्यात पसरला. बात्मा वर आली. काय जळतंय गं, म्हणाली. मी म्हटलं, जुना तवा. ती माझ्या खांद्यावरून आत बघत होती. ही बाई साधी आहे की बेरकी, चौदा वर्षांत मला कळलेलं नाही.

१२ एप्रिल

रात्रीच्या जेवणाला मीस्काल आपणहून बोलली! म्हणाली, आज एका म्हाताऱ्याचा निकाल टाइप केला. अंगणात चार झाडं लावली होती, त्याची.

माझा चमचा थांबला. सागिनने विचारलं, किती?

तिने आकडा सांगितला. मी तो इथे लिहिणार नाही.

सागिन म्हणाला, त्या वयात तेवढं कोण जगतं, सरकारचंच नुकसान. मीस्काल हसली नाही. माझ्याकडे बघत होती? की माझ्यामागच्या घड्याळाकडे?

१३ एप्रिल

बिया फेकायला काढल्या होत्या. तेवढ्यात आतून सागिनचा आवाज आला. ओरडला नाही. उशी तोंडात धरून दुखणं गिळायचा एक आवाज असतो, तो.

बिया परत डब्यात ठेवल्या.

२१ एप्रिल

मिश्रण झालं. सहा दिवस ओलसर ठेवून मुरवलं.

झाडाखालची माती दोन वाटे, देवदाराचा पाला एक वाटा, आणि एक वाटा ते पांढरे फुगीर दाणे — ज्वालामुखीच्या खड्याच्या लाह्याच म्हणायच्या. मुळांना हवा मिळावी म्हणून. खत अगदी थोडं, तेही फक्त तळाशी. रोप मोठं होईल तेव्हा मूळ आपोआप तिथे पोचेल. बाळाला पहिल्याच दिवशी मटण चारायचं नसतं. रंगाच्या रिकाम्या बादल्या, घासून घेतलेल्या. बुडाला भोकं सागिनने पाडली.

तो हट्टाने स्टूल टाकून बाल्कनीत बसला. मी म्हटलं, मूठ वळून बघ. बिश्केकच्या रस्त्यावर तीस वर्षं स्टिअरिंग धरलेला हात. आता त्याच्या मुठीत माती जेमतेम मावत होती. गोळा झाला. बोटाने टोचला — मोडला. पाणी गळलं नाही. हीच परीक्षा. गोळा झालाच नाही तर माती कोरडी, टोचूनही मोडला नाही तर चिकट.

“पास?” त्याने विचारलं.

“पास.”

“म्हातारे,” तो म्हणाला, “माझ्यापायी तुरुंगात जाऊ नकोस. तिथला चहा पातळ असतो.”

मी हसले आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

२२ एप्रिल, रविवार

पेरल्या. नखाएवढ्या खोल. मीस्काल बाजारात गेली होती.

२६ एप्रिल

चार उगवल्या! पाचवी नाही. चार म्हटल्यावर मीस्कालने सांगितलेला तो म्हातारा आठवला.

३ मे

मीस्कालने पाहिलं.

कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मी दारापाशी गेले. बादल्यांसमोर उकिडवी बसली होती.

“टोमॅटो?”

“हो.”

“टोमॅटोची पानं मला माहीत आहेत, अपा.”

लहान होती तेव्हा ‘अपा’, म्हणजे आई, अशी हाक मारत धावत यायची. हल्ली नुसतं ‘ऐक’ म्हणते. मला वाटलं आता सुरू होईल. कायदा, कलम, माझी नोकरी, तुझी अक्कल. ती उठली, धुण्याच्या बादलीतली ओली चादर काढली आणि काचेला आडवी टांगली. पूर्ण काच झाकली गेली. आत गेली.

४ मे

चादर वाळली. तिने काढली नाही.

६ मे

मीस्काल ऑफिसातून येते, पहिल्यांदा बाल्कनीचं दार बघते. ती कुणाला सांगेल असं मला वाटत नाही. पण तिने सांगितलं नाही हे कळलं तर तिचं काय होईल? हा विचार मला आधी का नाही सुचला! स्वतःच्या भीतीत एवढी गुंतले की पोरीच्या पायाखाली मी काय पसरलंय ते दिसलंच नाही.

सागिन विचारतो, रोपं कशी आहेत? वीतभर झाली, म्हटलं. त्याच्यापुरती ती अजून काहीच कामाची नाहीत.

१० मे

बात्माच्या छतातून पाणी झिरपतंय म्हणून नळवाला आला. पाइप बाल्कनीतून जातो. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, आज नको, माणूस आजारी आहे. तो म्हणाला, पाच मिनिटं. आत घ्यावंच लागलं. पाचच मिनिटं लागली. जाताना हात धुतले, चहाला नको म्हणाला. चहाला कुणी नको म्हणतं का?

मीस्काल आल्यावर सांगितलं. उपटून टाकू, म्हटलं. ती म्हणाली, सकाळी कचऱ्याच्या गाडीच्या वेळी. आत्ता जिन्यात माणसं आहेत.

११ मे, शुक्रवार

गाडीच्या आधी ते आले.

पोलिसांची तीन माणसं. साक्षीला म्हणून बात्माला वर बोलावलं. ती रडत होती, मला ‘बुरुल, मला ठाऊक नव्हतं गं,’ म्हणत होती. मला वाटतं तिला खरंच ठाऊक नव्हतं. बादल्या मोजल्या, फोटो काढले, माती पिशवीत भरली. सागिन भिंतीकडे तोंड करून पडला होता. एकाने त्याला उठायला सांगितलं, मग पांघरूण उचलून पाहिलं आणि परत घातलं. त्यानंतर आवाज खाली आणून बोलायला लागला.

कुणाची रोपं, विचारलं. मी तोंड उघडत होते, मिटत होते. मीस्काल म्हणाली, आईला हृदयाचा त्रास आहे, आज काही विचारू नका. कागद देऊन गेले — घरातल्या सगळ्यांनी सोमवारी दहाला ठाण्यावर हजर राहायचं.

बाल्कनीत चार ओले गोल उरलेत.

१२ मे

ठरवलं. सोमवारी सांगून टाकते, माझंच आहे. खरंच माझंच आहे. मीस्कालला तसं म्हटलं. ठीक, म्हणाली.

मग लक्षात आलं, सागिनला कोण उचलणार? कूस कोण बदलणार? मीस्काल दिवसभर ऑफिसात. ऑफिस राहिलं तर.

दुपारभर त्याच्या पायाशी बसले. 

१३ मे, रविवार

आज काहीतरी वेगळंच झालं.

सकाळी मीस्कालने चहा केला, कणकेचे बोर्सोक तळले, माझ्यासमोर बसली. म्हणाली, अपा, माती कशी केलीस ते सांग.

कशाला, विचारलं.

“उद्या ते विचारतील. सगळं सांग. पहिल्यापासून.”

मी उद्या अडखळू नये म्हणून ती घोटून घेतेय, हे कळलं. सांगत गेले. नाक्यावरचा पोलीस. व्हिनेगर. देवदाराचा पाला कुठल्या टेकडीवरून आणला. ती मध्येच थांबवायची. दोन वाटे म्हणजे कुठल्या भांड्याने? फसफस किती वेळ झाली? किती अंशांवर भाजली? खत तळाशीच का? मूठ कुठल्या हाताने वळली? वकीलसुद्धा एवढं विचारणार नाही. लिहून मात्र काही घेतलं नाही. बारा वर्षं दुसऱ्यांचं बोलणं ऐकून टाइप करते, एकदा ऐकलं की तिच्या डोक्यात बसतं.

दुपार होऊन गेली. एकतीस वर्षं मी काय काम केलं हे या मुलीने कधी विचारलं नव्हतं. बोलता बोलता मी भीती विसरले! कुंडीतली जिरॅनियमची माती आणून तिला मूठ वळायला लावली. पहिला गोळा मोडेना — पाणी जास्त. दुसरा बरोबर मोडला. सागिन आतून म्हणाला, पास झाली का? ती हसली. किती दिवसांनी.

उठताना माझ्या डोक्यावरचा रुमाल सरळ केला. म्हणाली, उद्या घाई करू नकोस, दहाला आहे.

१४ मे, सोमवार

मीस्काल आठलाच बाहेर पडली होती. मी नऊला कोट घालत होते तेव्हा फोन आला. तिकडचा माणूस नम्रपणे बोलत होता. तुम्ही यायची गरज नाही, आजी. तुमच्या मुलीने रोपं तिची असल्याचं लिहून दिलंय, सही झाली आहे. आधी आमचा विश्वास बसेना — कोर्टातली बाई, तिला यातलं काय कळणार? म्हणून मातीचं विचारलं. एकही चूक नाही.

मी म्हटलं, ते खोटं आहे, माती मी केली.

तो म्हणाला, सगळ्या आया असंच म्हणतात.