आईची राहिलेली बैठक

आई,

सुया बनवणाऱ्यांनी माझ्याविरुद्ध कट केला आहे. गेल्या काही वर्षांत त्यांनी नेढं इतकं बारीक करून टाकलंय की त्यातून दोरा जाणं ही निव्वळ नशिबाची गोष्ट राहिली आहे. मी पेणच्या बाजारात एका दुकानदाराकडे रीतसर तक्रार केली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चष्म्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, चष्मेवाला बाजूच्या गाळ्यात हाय." या देशात ग्राहकाला वाली नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितोय. आणि सुईशी माझा काय संबंध, असं तू विचारशीलच, तर तेही सांगतो. मी गोधडी शिवतो. एकटा नाही, रोह्याला, तुझ्याच बैठकीतल्या बायकांमध्ये बसून. तू गेल्याला चोवीस वर्षं झाली आणि एवढ्या काळात तुला सांगण्यासारखं माझ्याकडे पहिल्यांदाच काहीतरी आहे, म्हणून जरा भरभर लिहितोय. अक्षर सांभाळून घे.

तुला तो दिवस आठवत नसेल, मला आठवतो. मी नऊ वर्षांचा आहे. दुपारची भांडी झालेली आहेत, मागच्या पडवीत तू आणि शेजारची काकी जुन्या पातळांचे थर अंथरून त्यावरच बसल्या आहात, आणि तुझ्या बाजूच्या कडेवर मी धावदोरा घालतोय. माझी ओळ सरळ येतेय. काकी म्हणते, "तुझ्या पोराचा हात बग गो, मशीनसारका चालतो." मी फुगलेला आहे. तेवढ्यात मामा येतो, उंबऱ्यात थांबतो, हसतो आणि एक शब्द म्हणतो. तो शब्द मी इथे लिहीत नाही, तुलाही तो चांगला माहीत आहे. तू माझ्या हातातून सुई काढून घेतलीस आणि मामाकडे न बघता मला म्हणालीस, "जा, बाहेर जाऊन खेळ. बापयांनी सुई धरायची नसते." मी बाहेर गेलो. खेळलो मात्र नाही.

मग मी मोठा झालो आणि माझी जीभ धारदार निघाली. सुई गेली तरी टोचायची सोय झाली. पेणच्या साप्ताहिकात मी विनोदी सदर लिहू लागलो, नगरपालिका, लग्नाच्या पंगती, हायवेचे खड्डे, सगळ्यांना झोडपलं. आणि एका वर्षी विषय संपले तेव्हा रोह्याच्या गोधडीवाल्या बायकांवर लिहिलं. कोण काय बोलते, कोणाचा नवरा घोरतो, टाके किती आणि गप्पा किती. नावं नव्हती, पण गाव छोटं आहे. तू तो लेख उभ्याने वाचलास, घडी घालून फळीवर ठेवलास आणि विचारलंस, "हसले का रे लोक?" मी म्हणालो, "खूप." तू पोळ्या लाटायला घेतल्यास. त्या आठवड्यात बायका तुझ्या पडवीत बसल्या नाहीत, हे मला खूप नंतर कळलं.

तर मागच्या महिन्यात तुझ्या नातीने पुण्याला हॉस्टेलवर जाताना माझ्याकडे गोधडी मागितली. विकतची नको, आजीच्या पातळांची. मी म्हटलं, त्यात काय, मी शिवतो. पेणला, रामवाडीच्या फ्लॅटमध्ये फरशीवर खडू आणि पट्टी घेऊन बसलो, मोबाइलवर बघून मधोमध सुरुवात केली आणि कडेकडे गेलो. तिसऱ्या दिवशी गोधडीला सगळीकडून पोटं सुटली. तुझ्या सुनेने कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाली, "ही पांघरायची आहे की डोंगर दाखवायचे आहेत?" मग म्हणाली, "आईंच्या बायका अजून बसतात दर मंगळवारी. तुमची सुट्टी मंगळवारीच असते." मला पळवाट राहिली नाही. डोंगर बोचक्यात बांधले आणि रोहा गाठलं.

काकीच्या पडवीत सात बायका होत्या. मला चहा मिळाला, बिस्किटं मिळाली, प्रकृतीची चौकशी झाली. आणि मग सगळ्या शिवायला लागल्या. सात बायका आणि सुयांचा आवाज ऐकू येतोय, असा प्रसंग रोह्यात पूर्वी घडला नसावा. शेवटी अंगणवाडीवाल्या ताई बोलल्या. त्या माझ्याच वयाच्या, सरळ बोलणाऱ्या. "दादा, राग मानू नका. गोधडीवर बसायचं म्हणजे पाय पसरून बसायला लागतं. तुम्ही असलात की आम्हाला पाय दुमडून बसायला लागंल, गुडघे जातील. आणि आमी काय बोलतो ते तुम्ही पेपरात छापता. एकदा छापलंय."

आई, मी आयुष्यभर लोकांना निरुत्तर करत आलोय.  त्या दिवशी मी बोचकं उचललं.

तेव्हा काकी बोलली. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, दात नाहीत, पण हात तोच. "थांब रे. ह्याच्या आयशीची माझ्याकडं एक बैठक राह्यलीय." सगळ्या तिच्याकडे बघू लागल्या. तिथला नियम तुला माहीतच आहे, मला नव्हता. कोणी तुझ्या गोधडीवर एक दिवस बसली, की तू तिच्या गोधडीवर एक दिवस बसायचं. पैसे नाहीत, भेट नाही, बसण्याची फेड बसूनच. आणि बाई गेली तर तिची लेक बसते, लेक नसेल तर सून. काकी म्हणाली, "ह्याच्या लग्नाच्या गोधडीला मी बसले व्हते. ती माझ्या नातीच्या बारशाच्या गोधडीला बसणार व्हती, तेच्या आदीच गेली. आता त्या नातीलाच सातवा लागलाय. तिच्या बाळासाठी गोधडी घालायची हाय."

"मग सून बसंल," ताई म्हणाल्या.

"सुनेला टाका येतो का रे?"

मी खरं सांगितलं. तिला बटणसुद्धा मी लावून देतो.

"मग हाच बसंल," काकी म्हणाली. "लेक नाय, सुनेला येत नाय. आणि मी काय बैठक वर घेऊन जाऊ?"

ताईंनी अट घातली: इथलं इथंच. मी मान हलवली. आणि आई, मला जागा मिळाली. पायथ्याकडचा डावा कोपरा. पँटमध्ये मांडी घालता येईना, म्हणून काकीच्या नवऱ्याचा सुती लेंगा दिला. कडेकडून आत यायचं, गोल गोल, म्हणजे पोट सुटत नाही, हे काकीने हाताला धरून दाखवलं. मी जीव ओतून शिवत होतो. शेजारचे टाके बघत होतो, माझे त्यांच्यासारखे पडत होते, मला घामही येत होता आणि आनंदही होत होता. चार वाजता चहा आला. मी कप घ्यायला उठलो आणि गोधडी माझ्याबरोबर उठली.

मी बाळाची गोधडी माझ्या लेंग्याला शिवली होती. मांडीपासून गुडघ्यापर्यंत, बारीक, एकसारखा धावदोरा. कडेवर बसलेल्या दोघी जणी कलंडल्या. काकी जी हसायला लागली ती भिंतीला टेकून खोकेपर्यंत. "अगो, जावई शिवून घेतलाय," कोणीतरी म्हणालं. ताई हसता हसता मागे रेलल्या आणि त्यांचे पाय सरळ पुढे पसरले गेले. त्यांनी ते परत दुमडले नाहीत.

एवढा गोंधळ ऐकून काकीचा नवरा ओट्यावरून आत आला. ते एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाल्यापासून दर मंगळवारी बाहेर पेपर घेऊन बसतात. माझ्याकडे आणि आपल्या लेंग्याकडे पाहून म्हणाले, "माझ्या लेंग्याचं काय व्हायचं ते होऊ दे, पण मागल्या मंगळवारची त्या भावजयीची गोष्ट पुरी करा. अर्ध्यात ट्रेन आली आणि मला ऐकू आली नाय."  म्हणजे इतकी वर्षं हा माणूस सगळं ऐकत होता.

"कोनाला सांगितलंत का?" ताईंनी विचारलं.

"कंडक्टर हाय मी," ते म्हणाले. "प्रवाशांचं बोलणं गाडीतनं उतरू देत नाय."

काकीने त्यांच्या हातात सुई ठेवली. "मग ऐकायचंच हाय तर हात चालवा." ते माझ्या बाजूला बसले आणि पहिल्याच मिनिटाला म्हणाले, "जरा पुढं सरका." उरलेला वेळ एक बाई माझा लेंगा उसवत होती आणि आम्ही दोघं बापये शिवत होतो. संध्याकाळी काकीने कडेवरून हात फिरवला. माझ्या कोपऱ्यापाशी थांबली, पुन्हा फिरवला. "फिटलं," म्हणाली.

मला वाईट वाटलं, हे तुला सांगतो. फिटलं म्हणजे संपलं. पुढच्या मंगळवारी यायला कारण नव्हतं. तरी गेलो, बोचकं घेऊन, निरोप घेतल्यासारखं करून येऊ म्हणून. काकीने बोचकं उघडलं, माझे डोंगर उसवले, तुझी पातळं अंथरली आणि आठही जणं त्यावर बसली, कंडक्टरसकट. मला कोणी विचारलंही नाही. अर्ध्या तासाने माझ्या डोक्यात प्रकाश पडला: माझ्यावर आता आठ बैठका चढल्या होत्या. मला इतकं देणं करून ठेवलं होतं की वर्षभर सुटका नाही. आई, मी त्या दिवशी पेणपर्यंत गाडीवर एकटाच गाणं म्हणत आलो.

तुझ्यावर माझा राग होता, नऊ वर्षांच्या पोराचा असतो तसला. आता वाटतं, मामा उंबऱ्यात उभा नसता तर तू सुई काढून घेतली नसतीस. पण हे तुला विचारता येत नाही आणि मी परस्पर ठरवणार नाही.

परवा संपादकांचा फोन आला. दिवाळी अंकासाठी लेख हवाय, काहीतरी खुसखुशीत. हे सगळं माझ्या हातात तयार होतं, लेंगासुद्धा. मी त्यांना सांगितलं, यंदा काही सुचत नाही. ते काळजीत पडले, डॉक्टरला दाखवलंत का म्हणाले. म्हणून हे पत्र लिहिलं. गोधडीच्या थरात शिवून टाकावं असंही वाटलं होतं, पण पहिल्या धुण्यात त्याचा लगदा होईल आणि पोरीच्या सगळ्या कपड्यांना चिकटेल. तेव्हा ते इथेच, माझ्या टेबलाच्या खणात.

एक कबूल करतो. ती भावजयीची गोष्ट त्यांनी पुरी केली. इतकी नामी गोष्ट मी जन्मात ऐकली नाही, तीन आठवडे जीभ चावत फिरतोय. पत्र लिहायला बसलो तेव्हा ठरवलं होतं की निदान तुला तरी सांगायची. दोन ओळी लिहिल्याही होत्या. खोडल्या. तुलाही नाही सांगणार, आई.

काल ताईंच्या सासऱ्यांची गोधडी घातली होती. मी सगळ्यांच्या आधी गेलो, सतरंजी अंथरली आणि पायथ्याचा डावा कोपरा धरून शिवायला लागलो. ताई आल्या, बघितलं आणि समोरच्या कोपऱ्यावर पाय पसरून बसल्या. अंधार पडायच्या आत माझ्यावरची त्यांची बैठक फिटली.