बदलीत नाव

गोरेगाव, ता. सेनगाव
बुधवार, ५ फेब्रुवारी २०२५

लाडक्या दीक्षूस,
सप्रेम जयभीम.

आमी सगळे बरे. आई हळद काढायला जाऊन राहिली, हात कोपरापर्यंत पिवळे. दादांचा खोकला थांबला. शेजारचा गोपीचंद आज ट्रॅव्हल्सनं पुण्याला येऊन राहिला, त्याच्या हाती हे पत्र देते. फोनवर तू मला पुरतं बोलू देत न्हाईस.

तू म्हणालीस, आपला फुटबॉल क्लब सहा वर्षं पहिल्या चारात काहून टिकला यावर शनिवारी नव्या पोरींपुढं कप्तान म्हणून बोलायचंय, चार ओळी लिहून दे. घे. लागोपाठ पाच सामने हरले तरी तुमच्याकडं कोच बदलला न्हाई. महागड्या खेळाडूंच्या मागं न पळता घरच्याच पोरी घडवल्या. राखीव पोरींनाही पहिल्या अकरा जणींइतकाच सराव दिला. आणि फिजिओ मॅडमनी बाहेर म्हटलं की कोचसुद्धा तोंड उघडत न्हाई. हे सगळं तूच मला सांगितलेलं, मी फक्त ओळीनं मांडलं.

एकदा जिंकणं सोपं असतं गं. ते आपल्या शाळेच्या टीमलाही जमलं.

तुझं नाव पहिल्यांदा 'बदली'त आलं तेव्हा आईनं केलेला गोंधळ आठवतो? नरसिंग सरांकडं जाऊन म्हणाली, "सर, तेरा वर्षाचं लेकरू हाय, बदली करायचीच तर हिंगोलीच्या पुढं नका करू." बदली खेळाडू म्हणजे बाकावरची पोरगी, हे तिला समजावता समजावता सरांची पुरेवाट झाली. मी तर आठ दिवस हसत होते.

जिल्ह्याच्या फायनलला मात्र हसू पळालं. मध्यंतराआधीच माझा गुडघा गेला होता. सरांनी दोनदा विचारलं, तकलीफ आहे का. मी न्हाई म्हटलं. आपण जिंकलो, मिरवणूक निघाली, आणि मी पुन्हा कधी खेळले न्हाई. संध्यानं गावासाठी गुडघा दिला, असं अजून लोक म्हणतात. सत्काराला सगळ्यात जोरात टाळ्या तू वाजवल्यास.

ते खोटं आहे, दीक्षू. मी बाहेर आले असते तर तू आत गेली असतीस. सरावात तू मला चकवून जायला लागली होतीस. वाटलं, ही एकदा आत गेली की माझी जागा गेली. म्हणून लंगडत राहिले. तुला बाकावर मी बसवून ठेवलं, सरांनी न्हाई. पुढच्या वर्षी मी नव्हते, आणि माझ्या जागी कुणाला सामन्याची सवयच नव्हती. पहिल्याच सामन्यात पाच गोल खाल्ले, टीम मोडली. अकरा वर्षं हे मी कुणाला बोलले न्हाई.

महिन्यापूर्वी तू आलीस तेव्हा जेवायला खाली बसली न्हाईस, खुर्ची मागितलीस. आई म्हणाली, पोरगी शहराची झाली. मी तुला मोरीपाशी गाठलं. तू म्हणालीस, "ताई, फायनल होऊ दे. बाकावरची पुनम एकदा आत आली की मला कोण विचारतं? कुणाला बोललीस तर तुला माझी शपथ."

माझ्याच मनातलं तुझ्या तोंडून ऐकलं. तेव्हापासून अन्न गोड लागत न्हाई. शाळेत पोरींचा सराव घेताना शिट्टी वाजवायची विसरते. कुणी पडलं की तूच पडलीस असं वाटतं.

आता खरं ते लिहिते. काल सकाळी मी तुमच्या फिजिओ मॅडमना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, कोणता गुडघा. मी म्हटलं, डावा. त्या शुक्रवारी सगळ्यांचीच तपासणी लावणार आहेत. तोवर तू आपणहून सांगतेस का, याची वाट बघतील. तेवढं मी हात जोडून मागून घेतलं. पत्र तुला गुरुवारी मिळेल. एक दिवस आहे, दीक्षू.

शपथ मोडली मी. बोलू नकोस माझ्याशी, आईलाही सांग ताईनं दगा दिला म्हणून. पण रविवारी फायनलला तुझ्या जागी पुनम आत जाईल तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेव. मला तो ठेवता आला न्हाई.

अकरा वर्षं उशिरा मैदानाबाहेर आलेली,
तुझी ताई
संध्या