खापरपणजोबांना अनुमोदक मिळेना

टॉडमॉर्डन, मंगळवार

आदरणीय डोरीनताई,

सविनय नमस्कार. तुझा गुडघा, तुझं मांजर आणि हॅलिफॅक्सची हवा, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. (नऊ वर्षांत विचारलं नाही, तेव्हा मांजर बदललं असल्यास नव्याला नमस्कार.) मी ठणठणीत आहे. मेव्हिसचं मत वेगळं आहे, पण ती बायको आहे, डॉक्टर नाही.

निवृत्तीनंतर माणसाला काही ना काही खूळ लागतंच. मला घराण्याचा इतिहास शोधायचं लागलं. एखादा समुद्री चाचा, नाहीतर निदान घोडेचोर तरी निघेल अशी आशा होती. निघाले व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतले खापरपणजोबा जबेझ बॅराक्लफ, विणकर आणि महाभाविक. रविवारी चूल पेटवणं पाप, म्हणून शनिवारचे उकडलेले बटाटे थंडगार खायचे. एका रविवारी पाद्रीसाहेबांच्या ताटातल्या बटाट्यांतून वाफ येताना त्यांनी पाहिली आणि त्याच दुपारी गोठ्यात स्वतःचं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, काढलं. सभासद सात, सगळे घरचेच. (आठवी गाय होती, पण तिला मत नव्हतं.)

या चॅपलची इतिवृत्ताची वही मला अभिलेखागारात मिळाली. ताई, काय सांगू! प्रार्थना झाली की सभा, सभेत ठराव, ठरावाला सूचक आणि अनुमोदक, सगळं नियमाने. आणि ठराव एकच, हकालपट्टीचा. मेव्हणा शिट्टी वाजवतो म्हणून गेला. थोरला मुलगा रविवारी दाढी केली म्हणून गेला. बायको 'आमेन' उशिरा म्हणाली म्हणून गेली. शेवटी उरले दोघं, जबेझ आणि त्यांची बहीण टॅबिथा. ती त्यांच्या प्रवचनात हसली. आता तिला काढायचं तर अनुमोदन कोण देणार? तिनेच दिलं, सही केली आणि शाल घेऊन चालती झाली.

पुढच्या रविवारची नोंद अशी: उपस्थित, एक. ठराव, काढलेल्या सगळ्यांना परत घ्यावं. सूचक, जबेझ. अनुमोदक, कोणी नाही. ठराव बारगळला. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. एकोणीस वर्षं तेच! बहीण भिंतीपलीकडे राहायची, पण नियम म्हणजे नियम.

मी हे मेव्हिसला पोट धरधरून हसत वाचून दाखवत होतो. मग शेवटची नोंद आली: टॅबिथा वारली. आज सभा नाही. पुढची पानं कोरी.

मेव्हिस म्हणाली, "हसून झालं? त्या ख्रिसमसला आपल्या गावच्या चॅपलमध्ये तू एकटा गायलास, डोरीन फिस्सकन हसली, आणि तू नऊ वर्षं तोंड फिरवून बसलायस. त्या म्हाताऱ्याने निदान ठराव तरी मांडला!"

मी तिला सांगितलं की आमची गोष्ट वेगळी आहे. माझा सूर बरोबर होता.

तुझा धाकटा भाऊ,
विल्फ्रेड

ता. क. कोऱ्या पानांवर लिहू देत नाहीत (विचारून पाहिलं), म्हणून इथेच लिहितो. ठराव: हसल्याबद्दल काढलेल्या बहिणीला परत घ्यावं. सूचक: विल्फ्रेड. अनुमोदकाची जागा रिकामी आहे. मेव्हिस सही करायला तयार होती, मी करू दिली नाही. रविवारी एक वाजता ये. बटाटे गरम असतील.

आणखी ता. क. सूर लागला नव्हता. इथे हसलीस तरी चालेल.